समईजवळचं स्टिकर

माझी बायको शीला गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुसेगावच्या बाजारात होतो. बाराव्या दिवशी तिचा फोटो छापायला हिंगोलीत स्टुडिओसमोर रांगेत उभा राहिलो. पुढे बहीणभाऊ भांडत होते.

“अक्का, खिशात मावनारा प्रिंटर हाय. शाई लागत न्हाई, कागद मागून चिकटतो. माय गेली त्याच दिवशी घरात फोटो निघाला का न्हाई?”

“निघाला. आता त्याच फोटोत मायचं तोंड काळंठिक्कर पडलं.”

“तू समई एवढी जवळ काहून ठेवली? त्यो कागद गरमीनंच छापतो. ऊब लागली की काळा पडतो.”

“मग मेलेल्या मायम्होरं काय बर्फ ठेवू?”

“भिंतीवरून सोडवून तरी आनायचा.”

“सोडवला. निम्मं कपाळ भिंतीलाच राहिलं. तू मोबाईलमधला दे, इथं मोठा करू.”

“त्यो पुसला.”

“काय?”

“जागा भरली व्हती. छापला व्हता ना, म्हनून.”

“दुसरा दे मग.”

“मायचा दुसरा कुनी काढलाच न्हाई, अक्का.”

ती रांगेतून निघून गेली. तो तिच्या मागे गेला.

स्टुडिओवाल्याने माझा मोबाईल मागितला. त्यात तिचाही एकच फोटो होता; मला मोबाईल देववला नाही. शीलाचा फोटो अजून छापायचा राहिला आहे.