साम्मोलची बर्फगाडी

रिस्तेन : बाबा, पाना द्या. नाहीतर गाडीवरचा हात तरी काढा.

जोव्ना : साम्मोलनं स्वतः लावल्यात त्या स्प्रिंगा. त्यांना हात लावायचा नाही.

रिस्तेन : दादानं स्वतःसाठी लावल्यात. तो केवढा धिप्पाड, त्यात मागे सामानाची घसरगाडी. त्याच्या वजनानं मागच्या स्प्रिंगा दबायच्या. माझ्याखाली तसूभर हलत नाहीत. बूड वर राहतं आणि सगळा भार पुढच्या स्कींवर. काल तळ्याकाठी वळवायला गेले, तर नाक खुपसून आडवीच होत होती.

जोव्ना : उभी राहून चालव. मागे रेलायचं.

रिस्तेन : दिवसभर? रेनडियरच्या कळपामागे?

जोव्ना : निदान गाडीखालचा रबरी पट्टा तरी राहू दे.

रिस्तेन : पट्टा तर सगळ्यात आधी! दात बघा त्याचे. झिजून नखाएवढे राहिलेत. दाबलेल्या वाटेवर चालतील. पण उद्या मला डोंगराचा तो उतार आडवा कापायचाय. वर भुसभुशीत बर्फ, खाली कडक थर. तिथे हे काय पकडणार? आणि तिथेच...

जोव्ना : बोल ना. तिथेच काय?

रिस्तेन : तिथेच दादा घसरला आणि गेला. तुम्हीच दोर लावून गाडी वर काढलीत. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता.

जोव्ना : कळप या गाडीचा आवाज ओळखतो. लांबून घरघर आली की माद्या माना वर करतात. नवा पट्टा धडधडेल. गाभण जनावरं बिथरतील.

रिस्तेन : बिथरली तर मी बघीन. नदीवरचा बर्फ काळा पडायला लागलाय. उद्या खाली आणली नाहीत, तर नदी फुटेल आणि सगळी पलीकडे अडकतील.

इंगा : कॉफी गार झाली तुमची. रिस्तेन, हा कळपाचं सांगतच नाहीये तुला.

जोव्ना : इंगा, तू आत जा बघू.

इंगा : काल ही तळ्यावरून आली तेव्हा कुठे होतास तू? बर्फात, नुसत्या मोज्यांवर. ते मोजे मी वाळत घातले. हिनं टोपी काढली आणि तू तोंड फिरवून लाकडं फोडायला गेलास. दर वेळी तेच. पोरीला वाटतं, बाबा माझ्यावर रागावलेत.

रिस्तेन : वाटतं खरं, आई. बाबा?

जोव्ना : डोंगराआडून आवाज येतो ना, तेव्हा तो असतो. पार कुंपणापर्यंत तो असतो. मग तू होतेस.

इंगा : घ्या. आलं एकदाचं तोंडातून.

रिस्तेन : मलाही होतं, बाबा. चालवताना वाटतं, लहानपणासारखी दादाच्या पुढ्यात बसलेय. मी वळायच्या आधीच गाडी त्याला हवी तिकडे कलते. आणि एखादे वेळी वाटतं, कलू द्यावी.

जोव्ना : असं बोलू नकोस.

रिस्तेन : खरं आहे ते.

जोव्ना : घे. घे हा पाना. आधी पट्ट्याच्या आतली वादी एक भोक सैल कर. स्कींवरचा भार हलका होईल, मागे पकड येईल. जास्त नको, नाहीतर वळायचीच नाही, सरळ धावेल.

रिस्तेन : आणि स्प्रिंगा?

जोव्ना : एकेक घर ढिल्या करत जा. तू बसलीस की बूड जरासं खाली गेलं पाहिजे. इंगा, ये, नव्या पट्ट्याची ती बाजू धर. जड आहे.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. रिस्तेन उतारावर, जोव्ना आणि इंगा खाली तळ्याकाठी. रेडिओवरून.)

जोव्ना : ऐकू येतंय का?

रिस्तेन : येतंय. दात खोल जातायत, बाबा. पकड चांगली आहे.

जोव्ना : डोंगराकडचा गुडघा टेकव. वजन वरच्या अंगाला. खाली बघू नकोस.

रिस्तेन : खडक आला.

जोव्ना : कुठला?

रिस्तेन : तोच.

जोव्ना : वेग कमी करू नकोस. एकसारखा ठेव.

रिस्तेन : मागचं सरकतंय...

जोव्ना : रिस्तेन?

इंगा : काय झालं? बोलत का नाही ती?

जोव्ना : रिस्तेन! बोल गं.

रिस्तेन : धरलं. पट्ट्यानं धरलं. पार झाले मी.

इंगा : ऐकलं मी. ऐकलं, बाई.

जोव्ना : कळप दिसतोय?

रिस्तेन : दिसतोय, पण वर पळायला लागलाय. तुम्ही म्हणालात तसंच झालं. मला ओळखलं नाही त्यांनी.

जोव्ना : मागे लागू नकोस. इंजिन बंद कर, खाली उतर आणि हाक मार.

रिस्तेन : दादासारखी?

जोव्ना : तुझी. तुझी स्वतःची हाक नाही का?

रिस्तेन : थांबा जरा.

इंगा : मारतेय का ती हाक?

जोव्ना : इथवर कुठलं ऐकू येणार.

रिस्तेन : बाबा! एक मादी थांबली. शिंग मोडलेली. वळून बघतेय. आता दुसरी. येतायत खाली.

जोव्ना : सावकाश सुरू कर. तू पुढे राहा, त्यांना मागून येऊ दे. डोंगराच्या सोंडेवरून उतरव. चढायला ती जमत नाही, पण उतरायला सोपी आहे.

रिस्तेन : निघाले. मी दिसतेय का तुम्हाला?

जोव्ना : नाही. मध्ये डोंगर आहे. नुसता आवाज येतोय.

रिस्तेन : कसा येतोय?

जोव्ना : कुणासारखाच नाही. ये तू.