नंदा काय म्हणतेय

आम्रपाली : ...पण त्या बाई उद्यापासून येतायत, पप्पा. मी हो म्हणून बसलेय.

संभाजी : मग आता नाही म्हणून ऊठ.

आम्रपाली : दोन वेळचा स्वयंपाक करून जातील, बाकी काही नाही. तुम्ही किती दिवस असा बरणीला फोन टेकवून, व्हिडिओ बघत फोडण्या घालणार?

संभाजी : छत्तीस वर्षं लेथ चालवलाय मी. ड्रॉइंग बघायचं, माल काढायचा. यात वेगळं काय आहे? जरा सरक, तेल तापलंय.

आम्रपाली : आणि आज काय माल निघणार आहे?

संभाजी : शेंगोळे.

आम्रपाली : हुलग्याचे? पप्पा, तुम्हाला वळता येतात?

संभाजी : नाही. लग्न झाल्यापासून दर थंडीत खातोय. कसे करतात ते एकदाही विचारलं नाही. आता विचारतोय, तर सांगणारीचे शब्द गेले.

आम्रपाली : तिच्यासमोर असं काय बोलता! आई, दमलीस का गं खुर्चीत?

नंदा : नको.

संभाजी : 'नको' म्हणजे दमले नाही. 'हो' आणि 'नको', दोन्ही पक्के झालेत. जुलैत अर्धांगाचा झटका आला तेव्हा नुसता सूर निघायचा. स्पीच थेरपीच्या मॅडम खूश आहेत तिच्यावर.

आम्रपाली : कुसुममावशी मात्र तुमच्यावर खूश नाही. तिनं मंतरून आणलेला दोरा परत केलात म्हणे.

संभाजी : हातात दिला तिच्या. म्हटलं, कुसुमताई, तुमची माया कळते मला, पण या घरात दोऱ्याला काही काम नाही. वेळ असेल तर दुपारच्या येऊन बहिणीशी बोलत बसा. मला एकट्याला तेवढं बोलायला सुचत नाही.

आम्रपाली : मग?

संभाजी : दोन दिवस रुसली. आता आठवड्यातून दोनदा येते आणि तासभर अख्ख्या हडपसरच्या खबरी सांगते. नंदा हसते. मोठ्यानं हसते.

आम्रपाली : बरं, सरळच विचारते. आईला महिनाभर धायरीला नेऊ? आनंदच म्हणाला, सासूबाईंना आपल्याकडे आणू या. मी वर्क फ्रॉम होम मागून घेईन. आरशात बघितलंय का स्वतःला? शर्ट बघा कसा लोंबतोय.

संभाजी : तू दिवसभर कॉलवर असणार. ती तिथं दुसऱ्या खुर्चीत बसणार.

आम्रपाली : इथंही खुर्चीतच बसलीय ना! तीही दारात. स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही तुम्ही तिला. सुऱ्यासुद्धा वरच्या फळीवर ठेवल्यात. मला दिसतं सगळं.

संभाजी : तिच्या डाव्या पायाची बोटं दिसली?

आम्रपाली : काय झालं बोटांना?

संभाजी : सप्टेंबरात. मी आंघोळीला गेलो होतो, पाच मिनिटं. हिनं दूध उतरवायला घेतलं, उजव्या हातानं. तिला वाटतं हात पहिल्यासारखाच आहे, पण बोटं धरत नाहीत. पातेलं गेलं पायावर. आणि ओरडता येईना गं तिला. मी नळ बंद केला तेव्हा कुठं ऐकू आलं. बारीक आवाज, मांजराच्या पिल्लासारखा. असू दे.

आम्रपाली : मला का नाही सांगितलंत?

संभाजी : सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी घेऊन गेली असतीस तिला.

आम्रपाली : हो, गेले असते.

संभाजी : म्हणूनच.

नंदा : मी... मी...

संभाजी : टाकतो, टाकतो. हे बघ. झालं?

आम्रपाली : काय टाकलंत?

संभाजी : मीठ.

आम्रपाली : आत्ता माझ्यासमोर टाकलं होतंत की रश्श्यात! द्या तो चमचा. ...पप्पा! तोंडात धरवत नाही इतका खारट आहे. तिचं बीपी बघून डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय ना?

संभाजी : मी सुरुवातीला कमीच टाकतो. पण ती मागते.

आम्रपाली : मागते म्हणजे?

संभाजी : मी ओट्याशी उभा राहिलो की मागून सुरू होतं, 'मी... मी...' पुढचा ठ येत नाही अजून. दोन महिने झाले. मॅडमनी सांगितलंय, अर्धा शब्द आला तरी पकडायचा, तिला कळू द्यायचं की आपल्याला समजलं. मग मी चिमूटभर टाकतो.

आम्रपाली : प्रत्येक वेळी?

संभाजी : शब्द येतोय तिचा, आणि मी भाजीची चव बघत बसू?

नंदा : मी.

आम्रपाली : आई, इकडे बघ माझ्याकडे. मीठ हवंय?

नंदा : नको.

आम्रपाली : बरणी दाखवते. हे?

नंदा : नको! मी. मी.

आम्रपाली : पप्पा... ती मीठ म्हणतच नाहीये. ती 'मी' म्हणतेय. मी करते, असं.

संभाजी : काहीतरीच काय.

आम्रपाली : विचारा ना तुम्हीच.

संभाजी : नंदा, तुला मीठ नको होतं?

नंदा : नको.

संभाजी : तुला स्वतःला करायचंय? हे, इथं येऊन?

नंदा : हो. हो. हो.

संभाजी : दोन महिने, नंदा?

नंदा : हो.

संभाजी : आणि मी आपला चिमटी चिमटी... अगं, मग त्या खारट भाज्या खाल्ल्यास कशाला? ताट सरकवायचं होतंस!

आम्रपाली : तुम्ही का खाल्ल्यात?

संभाजी : मला वाटलं, तिची चव बदलली असेल. तिला एकटीला कशाला वेगळं वाटू द्यायचं?

आम्रपाली : तिलाही तुमच्याबद्दल तसंच वाटलं असेल. पप्पा, रडताय का?

संभाजी : लसूण वाटलाय मघाशी. डोळ्याला हात लागला.

(नंदा खुर्चीतून उठते. दाराची चौकट, मग फ्रिज, मग ओट्याची कड धरत येते. कोणी हात पुढे करत नाही.)

संभाजी : थांब, खुर्ची आणतो इथं. बस. हे बघ, एक कबूल कर. गॅसपाशी मी. उकळीत सोडायचं काम माझं. पीठ तुझं.

नंदा : हो.

संभाजी : आमू, तो रस्सा अर्धा काढून टाक आणि आधण वाढव. फुकट जाऊ दे. आणि हिच्या हाताला तेल लाव.

आम्रपाली : दोन्ही हातांना लावते. उजव्या हातानं ताट दाबून धरेल, डाव्यानं वळेल. आई, पीठ नीट मळलंय का पप्पांनी?

नंदा : अगं बाई!

संभाजी : घट्ट झालंय, मला ठाऊक आहे. व्हिडिओतली बाई दोन मिनिटांत मळून मोकळी होते, माप सांगत नाही. पाण्याचा हात लावू?

नंदा : हो.

आम्रपाली : बास, बास. घे आई, हा गोळा. सावकाश. निसटला तर निसटू दे.

नंदा : ए... एक.

आम्रपाली : झाला! वेढा पण घातला तिनं!

नंदा : दोन.

संभाजी : मोजतेय ती?

नंदा : तीन. चार.

संभाजी : मॅडम म्हणाल्या होत्या, आकडे आतमध्ये शाबूत असतात म्हणून. मी रोज समोर बसून विचारायचो, मोज बघू. तेव्हा हिनं कधी दोनच्या पुढे तोंड उघडलं नाही.

आम्रपाली : तेव्हा मोजायला काय होतं समोर?

नंदा : नऊ. दहा.

आम्रपाली : मी पण वळते दोन-चार. हा बघ, आई.

नंदा : अगं बाई.

संभाजी : जाड झालाय तुझा. मोड आणि परत कर.

आम्रपाली : आई, मला एक सांग. आम्ही दोघं मघापासून तुझ्यावरून भांडतोय आणि तुला कोणी विचारलंच नाही. धायरीला येतेस माझ्याकडे?

नंदा : नको.

आम्रपाली : बरं.

नंदा : तू... तू ये.

आम्रपाली : येईन. रविवारी तर येईनच. बुधवारी ऑफिसमधून थेट येईन, राहीन. आणि स्वयंपाकाच्या बाई?

नंदा : नको. भां... भांडी.

संभाजी : बाई भांडी घासायला हवीय म्हणते. बरोबर आहे तिचं. मी घासलेली कढई ती रोज खुर्चीतूनच हातात घेऊन हुंगून बघते.

नंदा : हो.

आम्रपाली : सांगते त्या बाईंना. चिडतील, पण सांगते. पप्पा, उकळी आली.

संभाजी : दे ते ताट. एकेक सोडतो. हा वाकडा कुणाचा?

आम्रपाली : तिचा. दहानंतर हात थकला.

संभाजी : वाकडा आधी सोडतो, म्हणजे नीट शिजेल.

आम्रपाली : तोवर मी ताटं घेते. खालीच बसू या का? नको, आईला उठताना त्रास होईल. टेबलावर घेते.

संभाजी : नंदा, तू बस. मी वाढतो... का? पळी का धरलीस? हां. घे बाई, तूच घे. आमू, पातेलं तिच्याजवळ सरकव, गरम आहे, फडक्यानं धर.

आम्रपाली : आई, पप्पांना जास्त दे, ते बघ किती वाळलेत. पप्पा, कसे झालेत?

संभाजी : बोलायला लावू नकोस. तोंड भरलंय.

आम्रपाली : एवढं भराभर खाऊ नका, भाजेल!

संभाजी : तीन-चार फुटलेत, रस्सा त्यानंच दाट झालाय. बरं झालं फुटले. ...तू काही म्हणालीस आत्ता?

आम्रपाली : मी? नाही.

नंदा : वाढू?

संभाजी : वाढ.