वाणात गेलेला पट्टा

बावीस जानेवारी, गुरुवार. हवा धुरकट, थंडी नावालाच... आणि मी तापलेलो! तापू नको तर काय करू, तुम्हीच सांगा! आमच्या आईला, सुगंधाबाईंना, हल्ली घरचा रस्ता आठवत नाही. म्हणून एका कंपनीने तिला मनगटी पट्टा दिला, वापरून बघायला. आई बाहेर पडली की माझा मोबाईल बोंबलणार आणि ती कुठे आहे ते नकाशावर दाखवणार. झकास! पण तो बनवताना आईला विचारलं का कुणी?

बनवणारा ओजस, वय सव्वीस. मला म्हणतो, "अंकल, आमच्या टीमने महिनाभर घालून टेस्ट केलाय." मी म्हटलं, "तुमच्यातला कोण रस्ता विसरतो रे?" "कोणीच नाही, अंकल." "मग टेस्ट काय केलंत, डोंबल?" तर हसतो! वर चार्जिंगची डबी दाखवतो, सोनेरी, आत मखमल... "एल्डर्सना प्रीमियम फील येतो!" अरे, पण एल्डर्सना विचारलं का कुणी?

तर गुरुवारी आमच्याकडे, मुलुंडला, संक्रांतीचं हळदीकुंकू. तेव्हा पुरुषांना घरात थारा नसतो, तुम्हाला माहितीये. मी आणि बाबा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर, हद्दपार. वर माझी बायको नलिनी कुंकू लावतेय, आणि वाण द्यायचा मान आईचा. आयुष्यभर देत आलीय, बाकी काही आठवो न आठवो, हात विसरत नाहीत! स्टीलच्या वाट्या संपल्या, आणि शेवटी उठली नलिनीची गोवंडीची शकुमावशी. तिला रिकाम्या हाती पाठवायचं? आमच्या आईने? शेजारीच दिसली, पट्टा चार्जिंगला ठेवलेली सोनेरी डबी...

इकडे माझा मोबाईल बोंबलला, "सुगंधा सुरक्षित क्षेत्राबाहेर!" वर धावलो, तर आई खरंच घरात नाही! चपला दाराशीच. नलिनी रडवेली, "अहो, आत्ता इथेच होत्या!" नकाशावर ठिपका भांडुपकडे सुसाट. म्हणजे रिक्षात घातलं कुणी तिला? मीही रिक्षात, ओजसला फोन. "रिलॅक्स अंकल, लोकेशन शंभर टक्के ॲक्युरेट आहे." होतंच ना! गोवंडीला ठिपका एका दारात थांबला, दार उघडलं शकुमावशीने, मनगटावर पट्टा! "जावईबापू, या या! काय झकास वाण दिल्यान विहीणबाईन! माझ्याशी बोलता पण!" आणि पट्टा बोलला, "सुगंधाजी, कृपया घरी परत या."

अहो, मग माझी आई कुठेय? तिकडे मुलुंडला ती अनवाणी हरवलेली, आणि मी इकडे गोवंडीला एका ठिपक्याच्या मागे! शंभर टक्के ॲक्युरेट म्हणे! सोनेरी डबी समोर ठेवली तर बाई ती वाटून टाकेल, हे कळायला कॉलेज लागतं? विचारलं असतं तर तिनेच सांगितलं असतं!

तेवढ्यात नलिनीचा फोन. आई सापडली. बायकांना निरोप द्यायला खाली गेली आणि वर चढली ती बी विंगमध्ये. मजला तोच, दार तसंच, आतही हळदीकुंकूच. खुर्चीत बसली होती, मांडीवर त्यांनी दिलेली गाळणी.

पट्टा परत माग म्हटलं, तर नलिनी कडाडली, "दिलेलं वाण परत मागतात का कधी?" काल ओजसला हे सांगायला फोन केला, तर आधी तोच, "कॉन्ग्रॅट्स अंकल! आजींचं चालणं दुप्पट झालंय!"

आई घरी आहे. पट्टा गोवंडीला आहे. चाचणी यशस्वी धरली आहे.