शकूची पिवळी पट्टी

गाव माझं किस्नेच्या काठचं, मिरजेपासनं कोसभर. पोहायला मला कुनी शिकवलं न्हाई, थोरल्या भावानं कमरेला वाळका भोपळा बांधला आन दिलं डोहात ढकलून, तेवढीच माझी शाळा. मग पलटनीत गेलो, पलटनीनं मद्रासला आनलं, पलटन सुटली पर मद्रास काय सुटलं न्हाई बघा. एका क्लबाच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवायची नोकरी लागली, मैलापूरला देवळामागं दोन खोल्या घेतल्या, बायकोला आनलं, शकू तिथंच झाली. तमिळच आधी बोलाय लागली पोरगी, मराठी मागनं.

काय सांगू तुम्हाला, ताई, त्या तलावावर माझा शब्द म्हंजे कायदा व्हता. तीन पट्ट्या ठेवल्या व्हत्या मी. नवं पोर आलं की खांद्यावर पांढरी पट्टी, त्यानं भिंत धरून पाय मारायचे, दम धरायचा, पान्यावर मुडद्यावानी निवांत पडायचं. त्ये जमलं की पिवळी, मग दोरीच्या कडंनं, दोरीला हात न लावता तलाव पार करायचा. आन लाल म्हंजे खोल पानी, माझ्या हातात स्टॉपवॉच, ठरल्या वेळेच्या आत जाऊन यायचं. लाल पट्टी असंल त्योच टीममधी, त्योच बाहेरगावच्या शर्यतीला. मोठ्या साहेबाचं पोर असलं तरी मार्गळीच्या, म्हंजे तिकडच्या मार्गशीर्षाच्या, गारठ्यात पांढऱ्या पट्टीत कुडकुडायचं. पट्ट्या माझी बायको शिवायची.

शकू पांढरीतनं दोन महिन्यांत सुटली. दहाव्या वर्षी तिची लालची परीक्षा, बायकोनं हौसेनं आदल्याच दिवशी नव्या कपड्याला लाल पट्टी शिवून ठेवली. आन कठड्यापाशी एक बाप दुसऱ्याला सांगत व्हता, मास्तरची पोरगी हाय, तिला काय, घड्याळ बापाच्याच हातात. त्ये माझ्या कानावर पडलं. उभ्या जल्मात लबाडी केली न्हाई मी, ताई, आन लोकांनी लबाड म्हनू नये म्हनून त्या दिवशी लबाडी केली. पोरगी वेळेच्या आत आली व्हती. मी म्हनलं, शकू, दोन सेकंद जास्ती झाले, अजून कच्ची हायस.

ती लाल पट्टी बायकोनं उसवली आन त्या बोलनाऱ्या बापाच्याच पोरीच्या कपड्याला लावली. मला वाटायचं, अजून पक्की होऊ दे, इतकी पुढं जाऊ दे की कुनाला तोंड उघडता येऊ नये. असं करत तीन वर्सं गेली. दर परीक्षेला सेकंद, दोन सेकंद जास्ती. शकू रडली न्हाई, बारक्या पोरांसंगं दोरीच्या कडंनं पोहायची, घरी येऊन दहीभात खायची, दुसऱ्या दिवशी परत.

मग बंगलोरची शर्यत आली. मला एकट्याला हुईना म्हनून लाल पट्टीवाल्या पोरींच्या वेळा घ्यायला मीच शकूच्या हातात घड्याळ दिलं. ती वेळ सांगायची, मी लिहायचो. शेवटी घड्याळ मी घेतलं, म्हनलं, आता तू उतर. मासळीवानी आली पोरगी, समद्यांपेक्षा कमी वेळ. आन माझ्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, एक सेकंद जास्ती. घड्याळ थांबवून मी कठड्यावर ठेवलं व्हतं, काटा तसाच. ती वर आली, घड्याळ उचललं, बघितलं आन माझ्या हातात दिलं.

“अप्पा, मला वाचाया येतंय. पोदुम.”

पोदुम म्हंजे पुरे. घरी मी हात जोडले, म्हनलं, उद्या समद्यांसमोर सांगतो, मीच खोटं बोललो. ती म्हनली, मग तर म्हनतीलच की पट्टी बापानं दिली. खरंच व्हतं त्ये. ती वाट मीच बुजवली व्हती.

त्या दिवसापासनं शकू पान्यात उतरली न्हाई. बायकोनं लाल पट्ट्या परत शिवल्या न्हाईत, त्या मग मीच शिवायला लागलो. शकूचं लगीन झालं, तिरुचीला दिली, घरामागं कावेरी हाय म्हनं, पायसुदीक बुडवत न्हाई. माहेरी येती, वाकून नमस्कार करती, सुखी राहा म्हनतो, दुसरं काय म्हननार. तलावाकडं येत न्हाई. तिच्यासारखं पोहनारं पोर परत बघितलं न्हाई मी, आन माझं वाटोळं मीच केलं, कुनाला दोष द्यायचा.

आता डोळं गेलंत माझं, काटा दिसत न्हाई. घड्याळ पोरांनाच वाचाया लावतो. परवा एक बारकी पोरगी पोहून आली, घड्याळ बघून तिनं आपली वेळ सांगितली. मी म्हनलं, खरं सांगतीस नव्हं? तर ती म्हनली, खोटं कशाला सांगू, मास्तर?