थांबा सरांची घंटा

सन्माननीय अध्यक्ष महाराज, विद्यापीठातून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापिका बाई, संस्थेचे चिटणीस साहेब, आज निवृत्त होणारे आपले सर, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या त्यांच्या पत्नी, शिक्षक, पालक आणि मागे दाटीवाटीने बसलेल्या मुलामुलींनो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. वेळ संपली की घंटा वाजवू, असं चिटणीस साहेबांनी बजावलं आहे. ती त्यांच्यासमोरच आहे, पितळेची, लाकडी मुठीची. सरांच्या प्रयोगशाळेतून आणलीत ना? तिथे तिचं काम काय, हे आणताना कुणी विचारलं का? असू दे, मी सांगते.

मी शाळेच्या वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवते आणि शिवता शिवता वाचते. शाळा माझी सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही. माझे यजमान आणि सर एका गल्लीत वाढले, म्हणून सर मला वहिनी म्हणतात. यजमान कागद कारखान्यात बॉयलरवर होते. होते, असं म्हणायची सवय आता झाली आहे.

सरांना मुलं पाठीमागे ‘थांबा सर’ म्हणतात. सर, तुम्हाला माहीत नव्हतं असं दाखवू नका. हे नाव पडलं त्यांच्या बुधवारच्या तासामुळे. त्या तासाला सर प्रयोगाची मांडणी करून ठेवतात. कधी तिच्यात मुद्दाम एक चूक ठेवतात, कधी ठेवत नाहीत. ज्याला शंका येईल त्याने घंटा वाजवायची. वाजली की सगळ्यांनी हात बाजूला घ्यायचे. हसायचं नाही. वाजवणाऱ्याने काय दिसलं तेवढं सांगायचं. शंका खोटी निघाली तरी सर म्हणतात, "बरं झालं थांबवलंस."

एकदा एका मुलीने घंटा वाजवली. काय दिसलं, तर म्हणाली, "सर, तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागली आहेत." सरांनी बटणं नीट लावली आणि म्हणाले, "बरं झालं थांबवलंस." हसा, आता हसायला हरकत नाही.

एका पालकाने विचारलं होतं, "या तासाला मार्क किती?" सर म्हणाले, "शून्य." ते म्हणाले, "मग शून्याचा तास हवा कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मी देते, कारण सर देणार नाहीत.

कारखान्यात बॉयलरलाही धोक्याची घंटा होती. ती कारण नसताना वाजायची. कामगार कंटाळले आणि तिच्यात चिंधी कोंबली. कोंबणारे आमचेच हे. चिंधी माझ्या घरातल्या उशीच्या जुन्या अभ्र्याची. तेव्हा मी कुणा एकाकडे बोट दाखवायला इथे उभी नाही.

त्या आठवड्यात एक नवा इंजिनिअर कामावर आला होता. याच शाळेतून पहिला आलेला, विद्यापीठातही पहिला. बॉयलरच्या काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते. पाणी जरासं हलत राहिलं पाहिजे. त्या दिवशी ते हलत नव्हतं. नळी तुंबली होती, काच ठीक दाखवत होती आणि आत पाणी संपत आलं होतं. पुढचा स्फोट सगळ्या गावाने ऐकला. आमचे हे दारापाशी उभे होते.

दोन महिन्यांनी तो मुलगा घरी आला. बस म्हटलं, बसला नाही. म्हणाला, "काकू, पाणी हलत नव्हतं. मला दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"नवा होतो. वाटलं, हसतील. म्हणतील, एवढा पहिला आला आणि एवढंही येत नाही."

मी त्याला पाणी दिलं. माफ केलं असं म्हणाले नाही. आजही म्हणत नाही. पण पुढच्या आठवड्यात सर आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, त्या पोराला मी शंभरपैकी शंभर दिले होते. शंका विचारल्याबद्दल एकही मार्क कधी दिला नाही." त्यानंतरच्या बुधवारी ही घंटा प्रयोगशाळेत आली.

पाहुणे साहेब, पाणी घ्या ना. पेला तुमच्याच बाजूला आहे.

आता जे बोलायला मला बोलावलेलं नाही ते बोलते. येत्या सोमवारी ती प्रयोगशाळा रिकामी होणार आणि तिथे प्रवेश परीक्षेच्या तयारीचा, संगणकाच्या पडद्यांचा वर्ग बसणार. ठराव तयार आहे. कार्यक्रम संपला की बाजूच्या खोलीत चहाबरोबर त्यावर सह्या होतील. विद्यापीठाची सही प्रमुख पाहुण्यांची. ठरावात लिहिलं आहे, मुलांना भविष्यासाठी तयार करणे. माझं पडद्यांशी वैर नाही. उलट उद्याची यंत्रं विचारायच्या आधीच उत्तर देतील म्हणतात, तेही ठणकावून. मग समोरची काच ठीक दाखवत असताना ‘मला हे पटत नाही’ म्हणायची सवय मुलांना लावणार कोण? शाळेने लावली तरी पुढे विद्यापीठ ती मोडणार, की जपणार?

वाजली. पाच मिनिटं झाली. चिटणीस साहेब, तुम्ही तुमचं काम केलंत, राग नाही. पण या घंटेचा नियम तुम्ही आत्ताच ऐकलात. तुम्हाला काही दिसलं का? नाही? मग एवढी मेहरबानी करा, ती टेबलाच्या मधोमध ठेवा, सगळ्यांचा हात पोचेल अशी.

त्या मुलाचं नाव मी घेणार नाही. ते त्याचं त्याने घ्यायचं. तो आज मोठ्या हुद्द्यावर आहे. मला त्याच्याकडून काही नको. फक्त एकदा दिसलेलं दुसऱ्यांदा गिळू नये, एवढंच.

सर, शाल आणि श्रीफळ तुम्हाला मिळालंच आहे. माझ्याकडून तुमचं प्रयोगाचं जुनं पुस्तक नव्याने शिवून आणलं आहे. आता त्याची पानं सुटणार नाहीत. संस्थेने मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांची आभारी आहे. व्यासपीठाची रीत मला नाही. बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल तर मोठ्या मनाने पोटात घाला आणि...

थांबा. टाळ्या नकोत.

घंटा वाजली. चिटणीस साहेब, तुम्ही नाही वाजवलीत, मी बघत होते.

मुलांनो, हात बाजूला. कुणी हसायचं नाही. पाहुणे साहेब, माईक इकडे आहे. या. काय दिसलं ते सांगा.