पुलाचं काम

हळू बोला हो, जरा हळू — आत ऐकू जातं. हो, कॉम्प्युटरचं मशीन इथंच आहे, मी कुठे नाही म्हणतेय? ऑफिसचं आहे, ऑफिसनं न्यायचं. तुम्ही काय, पाठवलं म्हणून आलात. सही देते की! पण टेकाल की नाही दोन मिनिटं? ते कपडे सरकवा आणि बसा. आत्ता नाही उचलता यायचं. का म्हणजे — चालू आहे ते. आमचे सासरे बसलेत त्याच्यापुढे. त्यांची चाल पुरी होऊ दे, मग बघू.

नवीन दिसताय तुम्ही. आमचा गेम पाहिलाय कधी? नाही ना? कुणीच नाही पाहिला, तेच तर दुखणं आहे! पाच वर्षं घातली त्यात. दोन राज्यं, मधे नदी. सैन्य हलवायचं, त्याला धान्य पोचवायचं, थंडी पडायच्या आत पलीकडचा किल्ला घ्यायचा. एक चाल तुमची, एक शत्रूची — निवांत, डोकं लावून. नकाशे माझे. नदी कुठे वळते, उतार कुठे, कुठला पूल किती भार पेलतो — सगळं मी केलेलं. सुरुवातीला काय रंगलो होतो म्हणून सांगू, जेवायला उठायचं भान नसायचं. आणि मग साहेबांच्या डोक्यात किडा वळवळला. आळीपाळीनं चाली म्हणजे फार संथ, लोकांना दम नसतो, सगळं एकदम धावलं पाहिजे. बरं, धावायला लावलं. मग कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले आणि म्हणे, फोनवर हवा. आता एवढी माझी नदी, ती तळहातावर मावायची कशी? कापली. पूल काढले, डोंगर काढले. मग म्हणे, ड्रॅगन घाला. ड्रॅगन! धान्याच्या गाड्यांवर ज्याचं सगळं चालतं, त्या गेममध्ये! मी विचारलं, साहेब, हा खाणार काय? तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मलाच वेड लागलंय. आणि शेवटी काय — आधी होतं तसंच करा. तसंच? अहो, शत्रूचं डोकं ज्यानं लिहिलं होतं, ज्याला आम्ही सेनापती म्हणायचो, तो तोवर वैतागून सोडून गेला होता. तसंच कोण करणार? तुम्ही?

आणि मग पैसेवाल्यांना दाखवायचा दिवस. मी सांगितलं होतं, पूल काढलेत, परत बसवायला वेळ द्या. नाही म्हणजे नाही. लावला गेम. शत्रूचं सैन्य आलं नदीपाशी, पूल शोधला, सापडला नाही, फिरलं मागे. परत आलं. परत मागे. घोडे, तोफा, शिपाई — सगळी वरात काठावर येरझाऱ्या घालतेय! त्यातल्या एका बाईंनी विचारलं, हे काय करतायत? तर साहेब म्हणतात, नकाशाचं काम जरा कच्चं राहिलंय. माझ्याकडे बोट दाखवून! भर खोलीत! अजून आठवलं की — जाऊ दे.

पुढच्याच आठवड्यात सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. अकाउंटवालीचा वाढदिवस होता, केक कापलेला, आम्हाला वाटलं त्यासाठीच. आमच्या हातात केकच्या बश्या, आणि साहेब सांगतात, गेम बंद, तुमच्या नोकऱ्याही. का? बाजार बदलला. मला ती बशी कुठे ठेवायची तेसुद्धा सुचेना.

सासरे? ते कसे आले यात — अहो, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. बसच्या आगारात गाड्या सोडायचे ते, जन्मभर आरडाओरडा केलेला माणूस, तो दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, हाताला काहीतरी चाळा द्या. म्हणून माउस दिला हातात, गेम लावून दिला. हो, बाहेरच्याला दाखवायचा नाही अशी सही केलीय मी. सांगा जाऊन ऑफिसात, खुशाल सांगा! लढाई करतच नाहीत ते. नुसत्या धान्याच्या गाड्या सोडतात, एकामागून एक. आणि एक दिवस, गाड्या नदीपाशी अडल्या तेव्हा, आतून ओरडले — पूल! कितीतरी महिन्यांत पहिला शब्द, स्वच्छ. मुलाचं नाव नाही, माझं नाही, पूल! आमचे हे हातातली कढई तशीच घेऊन धावले.

मग काय, बसवला पूल. घरीच, मी एकटीनं. हो, गेम बंद झाल्यावर — त्यांना कुठे सांगितलंय बंद झाला म्हणून? म्हटलं, बाबा, ऑफिसनं तुमची सूचना उचलली, आणखी काय खटकतं ते सांगा. ते सांगतात, मी दुरुस्त करते आणि म्हणते, ऑफिसकडून नवीन आलं. त्यांना वाटतं, आपण कामावर आहोत. वेळेवर दाढी करून बसतात. आता वाक्यं बोलतात, तुटक, पण बोलतात. शत्रूसुद्धा पूल ओलांडतो आता, नीट, रांगेत. साहेबांना सांगा — नाही, नको, त्यांना काही सांगू नका. गेम दुसरीकडे उतरवून घ्या म्हणता? कशावर घेऊ? घरातला लॅपटॉप याच्या नावानंच बंद पडतो. नवीन घ्यायला नोकरी कुठाय? तुम्हीच सांगा, आज मशीन गेलं तर उद्या सकाळी त्यांना काय सांगू मी? की बाबा, तुम्हालाही काढलं?

बाबा? अहो, तुम्ही कशाला उठलात? आणि हा शर्ट — इस्त्रीचा? बटणं एकट्यानं लावलीत? वरचं एक चुकलंय — असू दे, असू दे, छान दिसतंय. हो बाबा. ऑफिसातूनच आलेत. नाही, ते पुलाचं नाही, ते —

हो. पुलाचंच विचारायला आलेत. बसा इथे, खुर्चीवर.

आणि तुम्ही, तो कागद खिशात घाला. उठायचं नाही. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो, मधे आपला शब्द घालायचा नाही. मी आत जाऊन वायरी काढते, तोवर ते काय सांगतात ते ऐकायचं. सगळं ऐकायचं. आणि मग उचला नि जा.