तारेचं दुसरं टोक

सरका वाईच, कंदील मधी येऊ द्या. हां. आता ऐका. कुणाला पाणी प्यायचं असंल तर आत्ताच पिऊन घ्या, एकदा गोष्ट लागली की उठायचं न्हाय. का म्हणून इचारू नका. ऐकलं की कळंल.

आपल्या हौसाक्काचा धाकटा भाऊ सर्जेराव. सर्जा म्हणायचो त्याला. जमिनीच्या पोटातलं पाणी बघायचा त्याचा धंदा. नारळ घेऊन फिरणारा पाणाड्या न्हवं बरं का! मशीनवाला. मधी पेटी, पेटीच्या दोन्ही अंगाला तारा, तारांच्या टोकाला लोखंडी सळ्या. सळी ठोकायची, बुडाशी मिठाचं पाणी वतायचं, कारण वाळक्या मातीत करंट शिरत न्हाय. मग पेटीवर आकडा येतो. आकडा मोठा, तर खाली कातळ. आकडा बारका, तर खाली वल. आन् सळ्या जितक्या लांब न्याव्या तितकं खोलचं दिसतं. पटत न्हाय? मला बी पटलं नव्हतं.

त्या साली चैतातच गावातला आड आटला. हौसाक्का दोन कोसांवरनं डोईवर पाणी आणायची, आन् सासू वर टोचायची, "भाऊ साऱ्या मुलखाला पाणी दावतोय, बहिणीच्या दारात मातुर धुरळा!" गावाला बोअर मंजूर झालं, पर एकच. एकच! सकाळी गाडी येणार, सर्जा बोट दावंल तितं भोक पाडणार आन् निघून जाणार. कोरडं गेलं तर पुढल्या सालापत्तुर बसा टँकरची वाट बघत.

मग रातचं कशाला गेला, म्हणाल. दिवसा रानातल्या मोटारी चालू, त्यापायी पेटीवरचा आकडा नुसता थरथरायचा. रातच्याला लाईट गेली की जमीन गप व्हायची. म्हणून जेवणखाण उरकून सर्जा निघाला तरवडाच्या माळाला. डोक्यावर पेटी, हातात मिठाच्या पाण्याचा डबा. आन् तारेचं दुसरं टोक धरायला जोडीला कोण? मीच की, मिठाच्या पाण्याचा दुसरा डबा घेऊन!

चांदणं पडलं व्हतं. माळ असा गुळगुळीत दिसत व्हता, जणू तळंच हाय आन् आपण त्याच्यावरनं चालतोय. पावलाचा आवाज बी येत नव्हता. एका बाजूला सर्जा सळी ठोकायचा, दुसऱ्या बाजूला मी. तीन आकडे घेतले. वाईट न्हाय, लई चांगले बी न्हाय. मी तार घेऊन पुढं गेलो, म्हटलं वाईच बिडी वढावी. धोंड्याला टेकलो. आन् बाबांनो, कुणीतरी डोईवरनं हात फिरवावा तशी गुंगी आली. बिडी पेटवायची ऱ्हायलीच.

आता पुढचं सर्जानं मला सांगितलं तसं सांगतो.

तो पेटीपाशी बसलेला. लांबनं हाक आली, "ओढू का अजून?" आवाज माझा. हुबेहूब माझा! सर्जा म्हणाला, "ओढ." तारेचं रीळ फिरलं. गर्रर्र. तिकडं सळी ठोकल्याचा आवाज. ठण्ण... ठण्ण. सर्जानं इचारलं, "मीठ घातलंस का रं?"

"नको मीठ. माती वलीच हाय."

चैतात! तरवडाच्या माळावर! वली माती! शहाणा माणूस तितंच थांबला असता. पर त्याच्या डोळ्यापुढं आक्काची घागर. त्यानं आकडा बघितला. निम्म्यानं उतरलेला. घाईघाईनं वहीत मांडला.

"ओढू का अजून?"

"ओढ, ओढ!"

परत गर्रर्र. परत ठण्ण. आकडा अजून खाली. परत ओढ. आता ऐका हां. रिळावर तार किती? दोनशे मीटर. दोनशे कवाच सरली. पर रीळ फिरतंय! तार सुटतीया, सुटतीया, संपंना. आन् आकडा? शून्य. दहा वर्सांत असा आकडा त्यानं बघितला नव्हता. शून्य म्हंजी माळाखाली समिंदरच की!

वहीत शून्य मांडून सर्जा उठला. डबा हातात तसाच. तारेवर हात ठेवून चालाय लागला. तार गार लागली. मग वली लागली. मग बोटांवरनं पाणी गळाय लागलं. कुठंतरी बेडकं वरडत व्हती. वाऱ्याला शेवाळाचा वास. भ्या वाटलं का? न्हाय, तेच तर! लहानपणी आईच्या कडंवर बसून झोपेत घरी येताना वाटायचं तसं त्याला वाटलं. आन् पुढं बघतो तर पाणी. माळभर पाणी, चांदण्यात हलणारं. मधी गुडघाभर पाण्यात उभी हौसाक्का. डोईवर भरली घागर, आन् हसतीया. लग्न झाल्यापासनं त्यानं तिला तशी हसताना बघितली नव्हती.

"सर्जा, ये. लई सांडलं तरी सरत न्हाय बघ."

सर्जा रडला. मोठ्यानं रडला. म्हणाला, "आलो, आक्का." पायापाशी एक सळी ठोकलेली व्हती, तार तिला धरून पुढं गेलेली. पुढं पाऊल टाकणार, पर दहा वर्सांची सवय, राव! सळी दिसली की हात आपसूक वाकायचा. डबा कलला. मिठाचं पाणी सळीच्या बुडाशी पडलं.

चर्रर्र! तापल्या तव्यावर पडावं तसं!

पाणी गेलं. आक्का गेली. बेडकं गप. सर्जाचा एक पाय मातीवर, दुसरा अधांतरी. खाली चिमा पाणाड्याची हीर! चाळीस हात खोल, कठडा न्हाय, थेंब न्हाय. तार सरळ खाली अंधारात गेलेली, ताठ. आन् खालनं आवाज आला, आता माझा न्हाय, म्हाताऱ्याचा. "ओढू का अजून?"

सर्जानं तार टाकली, सळी टाकली, डबा टाकला. पळत सुटला तो मला अडखळूनच पडला.

चिमा कोण? माझ्या आज्याच्या येळचा पाणाड्या. त्यानं नारळ फिरवून ती जागा दावली व्हती. गाव खणत ऱ्हायलं, कोरडीच. लोक नाय नाय ते बोलले. वल लागली का बघतो म्हणून एकटाच खाली उतरला, आन् वरनं दरड कोसळली, तितंच गाडला गेला. लोक त्याच्या भुताला गिऱ्हा म्हणतात. पर गिऱ्हा पाण्यात ऱ्हातो, बाबांनो, आन् हितं पाण्याचाच दुस्काळ! त्याला कुणाला मारायचं नव्हतं, असं मला वाटतं. त्याला पाणी दावायचं व्हतं.

सकाळी गाडी आली. सरपंचानं सर्जाची वही बघितली आन् नाचायलाच लागला. "शून्य! हिरीपाशीच पाडा!" सारं गाव तेच म्हणाय लागलं. सर्जा एकटा उभा, चेहरा राखंसारखा. म्हणाला, "मीठ न घालता आलेला आकडा माझा न्हवं." पहिल्या तीन आकड्यांवर त्यानं बोट ठेवलं. गाडी तितं लागली. साठ फूट, धुरळा. शंभर फूट, धुरळा. सासू पदरानं तोंड झाकून हसली. दीडशे, धुरळाच. मी त्याच्याकडं बघू शकलो न्हाय, मी झोपलो म्हणून हे सारं. एकशे ऐंशीला चिखल उडाला. मग पाणी. लई न्हाय, मनगटाएवढी धार. पर खरी.

पहिली घागर हौसाक्काची. भरली, डोईवर घेतली, आन् घराकडं न जाता निघाली चिमाच्या हिरीकडं. सर्जा मागं पळतोय, "आक्का, नको!" दोन कोसांवरनं एकेक थेंब आणलेली बाई ती. हिरीच्या काठावर उभी ऱ्हायली आन् सारी घागर आत वतली. म्हणाली, "बघ बाबा. लागलं पाणी."

तवापासनं हाक कमी झाली. थांबली न्हाय. एका घागरीनं काय व्हतंय?

म्हणून सांगतो, अंधार पडला की तरवडाच्या माळाची वाट धरायची न्हाय. आन् रातचं कुणी लांबनं इचारलं, "ओढू का अजून?" तर माझा आवाज असला तरी ओ देऊ नका. मी तितं नसतो. त्या राती बी नव्हतो.